मंद ठेवलेली शेगडी

चाळीस वर्षं मी लोकांना झोपवायचं काम केलं. अ‍ॅनस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारी डॉक्टर. नॉटिंगहॅमच्या एका सरकारी हॉस्पिटलात, थिएटर नंबर चार. झोपवायला फारशी अक्कल लागत नाही, परत उठवायला लागते, असं मी दर वर्षी नव्या ज्युनियर्सना सांगायचे. आणि गेल्या जानेवारीत बर्फात अडकलो तेव्हा तीन दिवस मी माझ्याच नवऱ्याला झोपवत होते आणि मला पत्ता नव्हता. हे आधीच सांगून टाकते. लांबण लावून गोष्ट सांगणं मला जमत नाही. मला सावकाश असं काहीच जमत नाही. जमत नव्हतं, असं म्हणू या.

शशी माझा नवरा. पुण्यात आम्ही एकाच मेडिकल कॉलेजात, एकाच बॅचला होतो, त्यामुळे पहिल्यापासून अरे-तुरे. तो पॅथॉलॉजिस्ट झाला आणि बरोबर झाला. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, एक काच बघायची, कॉफी प्यायची, परत तीच काच बघायची. मी सकाळी सातला गाडी काढायचे तेव्हा हा माणूस टोस्टला लोणी लावत असायचा, आणि लोणी कसं, तर चारही कोपऱ्यांपर्यंत. मला ते बघूनच चीड यायची. लग्नाला अडतीस वर्षं झाली, त्यात त्याचं मला उद्देशून सगळ्यात जास्त वेळा बोललेलं वाक्य एकच आहे: "बस ना जरा."

मी बसले नाही. उभ्याउभ्या चहा प्यायले, उभ्याउभ्या वरदाला, आमच्या मुलीला, गणितं शिकवली, उभ्याउभ्या तिच्या लग्नाच्या याद्या केल्या. ती कार्डिफला राहते आता, तिला सिया नावाची पाच वर्षांची मुलगी आहे. सियाही मला "रनिंग आजी" म्हणते. मी ते कौतुक समजायचे.

तीन वर्षांपूर्वी शशी रिटायर झाला आणि त्याच्या हट्टापायी आम्ही डर्बीशरच्या डोंगरात हे दगडी घर घेतलं. गाव म्हणायचं म्हणून म्हणायचं. पंधरा घरं, एक चर्च, एक पब, तोही आठवड्यातून चार दिवस उघडा. पुढचं दार उघडलं की थेट बसायची खोली, आणि तिथे काचेच्या दाराची लोखंडी शेगडी. त्या शेगडीवर शशीचा जीव जडला. मी मात्र पन्नास मिनिटं गाडी हाणत हॉस्पिटलला जातच राहिले. वयाची चौसष्टी झाली, पेन्शन सुरू झालं, तरी आठवड्याला तीन दिवस जायचेच. डिसेंबरात हॉस्पिटलनं आणखी दोन वर्षांसाठी विचारलं. एकतीस जानेवारीपर्यंत कळवायचं होतं. शशी कधी काही मागत नाही. पण या वेळी म्हणाला, "नको ना सही करूस. मला तू हवी आहेस घरात."

"मी घरात बसून काय करू? तुझ्याबरोबर कोळसे मोजू?" असं मी म्हणाले. तो हसला आणि गप्प बसला. गप्प बसला की मला जास्त राग येतो.

आता त्या शेगडीबद्दल सांगायलाच हवं. घर घेतलं तेव्हा बसायची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या पॅसेजमध्ये एक अलार्म होता, धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा एकत्र. शशीनं रविवारी आमटीला फोडणी दिली, मोहरी तडतडली, मिरची पडली की हा अलार्म घर डोक्यावर घ्यायचा. आपल्या लोकांच्या घरी इकडे हेच चालतं, कुणी त्याला शॉवर कॅप घालतं, कुणी टॉवेल हलवत खाली उभं राहतं. शशी झाडूच्या दांड्यानं ढोसायचा. एका रविवारी वैतागून त्यानं तो उतरवला, बॅटऱ्या काढून टीव्हीच्या रिमोटला घातल्या आणि अलार्म पॅसेजमधल्या ड्रॉवरमध्ये टाकला. मी बघत होते. मी म्हणाले, बरं झालं, सुटलो एकदाचे.

हा त्याचा गुन्हा. माझे दोन. शेगडीच्या बाजूला भिंतीत एक जाळी होती, बाहेरची हवा आत यायला. त्या जाळीतून माझ्या पायांवर गार वारा यायचा. नोव्हेंबरात मी तिच्यात जुनी उशी कोंबली आणि वर चिकटपट्टी मारली, छान घट्ट. मी काम करते ते नीट करते. आणि ऑक्टोबरात धुराडं साफ करायला माणूस येणार होता, त्या दिवशी माझा ऑन-कॉल बदलला. शशीला कार्डिफला जायचं होतं. मी फोन करून त्या धुराडंवाल्याला सांगितलं, पुढच्या वर्षी बघू. फोनही मी गाडीत बसता बसता केला.

बर्फ बुधवारी पडायला लागला. अंदाज होताच, अ‍ॅम्बर वॉर्निंग वगैरे, पण दर वर्षी असतो. गुरुवारी सकाळी दार उघडलं तर गाडी दिसेना. गाडीच्या जागी नुसता उंचवटा. मी फावडं घेऊन बाहेर पडले. तासभर उपसलं, तेवढंच वरून परत पडलं. रस्त्यापलीकडचा कीथ, तिथला शेतकरी, ट्रॅक्टरवर बसून माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, रविवारच्या आत रस्ता मोकळा होणार नाही, तुम्ही आत जा. मी हॉस्पिटलला फोन केला. तिकडची ड्यूट्या लावणारी मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, काळजी करू नका, आम्ही कव्हर केलंय. मला वाईट वाटलं. माझ्याशिवाय इतक्या चटकन कव्हर होतं हे मला माहीत नव्हतं.

दुपारी वीज गेली. विजेबरोबर बॉयलर गेला, वायफाय गेलं, घरातला फोन गेला. मोबाइलला रेंज फक्त वरच्या बाथरूममध्ये, तीही खिडकी उघडून हात बाहेर काढला तर. शशी मात्र एकदम खुलला. त्यानं वरची गादी खाली आणली, शेगडीसमोर अंथरली, मेणबत्त्या शोधल्या. स्वयंपाकघरातला गॅस सिलिंडरवरचा, त्यामुळे चहा-खिचडीची सोय होती. कोळशाची मात्र दोनच पोती उरली होती.

"पुरेल," शशी म्हणाला. "मंद ठेवायची." त्यानं शेगडीच्या हवेची कळ जवळजवळ बंद केली. ज्वाळा खाली बसल्या, कोळसे नुसते लालसर राहिले. "अशी ठेवली की एक घमेलं रात्रभर जातं. भडकवली की तासात राख."

धुराचा वासही नाही. हा कोळसा बिनधुराचा असतो, आमच्या भागात सगळे तोच जाळतात. मी म्हणाले, हे एक काम तू बरं करतोस.

शुक्रवारी सकाळी माझं डोकं दुखत होतं. मी म्हटलं, उशी नाही, जमिनीवर झोपलो, दुखणारच. शशीला मळमळत होतं. मी म्हटलं, कालची खिचडी. सगळ्याला माझ्याकडे उत्तर तयार असतं. दोन पॅरासिटामॉल घेतल्या आणि सवयीनं कामाला लागले, कपाट आवरायला काढलं, आणि अर्ध्यात थकून गादीवर येऊन बसले. मग काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले. बर्फ पडत होता. कुंपणाचा खांब हळूहळू बुटका होत होता. मी तो खांब बघत बसले, आणि घड्याळात पाहिलं तर पावणेदोन तास गेले होते. पावणेदोन तासांत मी दोन हर्निया आणि एक गॉलब्लॅडर उरकते.

मला अपराधी वाटायला हवं होतं. वाटलं नाही. अंग जड होतं, पण छान जड. मला वाटलं, असं असतं होय हे. हेच हा माणूस मला अडतीस वर्षं सांगत होता.

दुपारी शशीनं एक संत्रं सोललं. पांढऱ्या शिरा एकेक काढल्या, एकेक फोड माझ्या हातावर ठेवली. एरवी मी म्हटलं असतं, दे इकडे, मी सोलते. त्या दिवशी मी हात पुढे करून बसले. तो म्हणाला, "सुप्रभा, एक सांगू? तू माझ्याशी बोलताना नेहमी दाराकडे बघतेस."

"काहीतरीच."

"लग्नापासून. मला वाटायचं, मागे कुणी उभं आहे. आधी मी वळून बघायचो. मग सोडून दिलं."

मला रडू आलं. मी रडणारी बाई नाही. वडील गेले तेव्हा मी दोन दिवसांत परत थिएटरमध्ये होते. पण मी त्याच्याकडे बघितलं, नीट, कितीतरी वेळ, आणि मला दिसलं की त्याच्या उजव्या भुवईत दोन पांढरे केस आले आहेत, आणि ते कधी आले हे मला माहीत नाही. त्याचे गाल शेगडीच्या उबेनं गुलाबी झाले होते. मला तो चाळीस वर्षांपूर्वीसारखा दिसला. मी म्हणाले, "नाही करत मी सही." तो माझा हात धरून बसला. मी तुम्हाला खरं सांगते, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची दुपार होती. आणि तेव्हा आमच्या दोघांच्या रक्तात विष चढत होतं.

संध्याकाळी वर जाऊन, बाथरूमच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून मी वरदाला फोन केला. ती इथेच वाढलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं आहे. ती ऐकून घेत होती आणि मग म्हणाली, "आई, तू आज किती हळू बोलतोय. आय लाइक इट. बाबाचा इफेक्ट आला शेवटी." सिया मागून ओरडली, "रनिंग आजी इज नॉट रनिंग." आम्ही हसलो. मी पाच-दहा मिनिटं खिडकीत उभी होते, गार वाऱ्यात डोकं जरा हलकं झालं. मला वाटलं, नातीचा आवाज ऐकला म्हणून बरं वाटलं. खाली आले आणि परत ठणकायला लागलं.

शनिवारी सकाळी कीथ आला, कमरेएवढ्या बर्फातून वाट काढत, दूध आणि अंडी घेऊन. दारात उभा राहिला. आमचं दार आत उघडतं, त्यामुळे बाहेर साचलेला बर्फ भिंतीसारखा उभाच होता आणि त्याच्या वरून कीथचं लाल नाक. तो म्हणाला, माझ्याकडे जनरेटर आहे, दोन खोल्या रिकाम्या आहेत, या तुम्ही दोघं. बायकोनं सूप केलंय.

शशी माझ्याकडे बघायला लागला. तो गेला असता, त्याचं अंग मोडून आलं होतं. मी नाही म्हणाले. मला ती खोली सोडायची नव्हती. चाळीस वर्षांनी मला बसायला जमलं होतं आणि हा माणूस मला उठवायला आला होता. मी म्हणाले, आम्ही अगदी मजेत आहोत, थँक यू, दार लावून घेते हं, गार वारा येतोय. कीथ म्हणाला, ऊब मात्र छान धरलीय तुम्ही. मी म्हणाले, हो, मी सगळ्या फटी बुजवल्यात.

हे वाक्य मला आता झोपेतून उठवतं.

दुपारी शशी उठेना. म्हणजे झोपला होता, पण हाक मारली की "हं" म्हणायचा आणि परत डोळे मिटायचा. मला वाटलं, छातीत इन्फेक्शन झालं असेल. गार हवेत कोळसा आणायला दोनदा मागच्या अंगणात गेला होता. कोविडच्या वेळचं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात होतं, रक्तात ऑक्सिजन किती ते दाखवणारं. मी भिंतीला धरत पॅसेजमध्ये गेले. ड्रॉवर उघडला. वरच तो अलार्म पडला होता, बॅटऱ्यांवाचून. मी तो बाजूला सारला आणि खालून ऑक्सिमीटर काढलं. अलार्म माझ्या हातात होता. हातात धरून मी तो बाजूला ठेवला.

शशीच्या बोटाला यंत्र लावलं. नव्व्याण्णव टक्के. मी माझ्या बोटाला लावलं. तेही नव्व्याण्णव. माझा जीव भांड्यात पडला. फुप्फुसं ठणठणीत. फ्लू असेल, झोपू दे त्याला. मी त्याच्या शेजारी आडवी झाले, पांघरूण ओढलं. यंत्र त्याच्या बोटावर तसंच राहिलं. त्यावर दुसरा आकडा असतो नाडीचा. एकशे अठरा.

झोपलेल्या माणसाची नाडी एकशे अठरा कशाला असेल, असं माझ्या मनात आलं. आणि मग काहीच आलं नाही. विचार यायचा आणि बसून राहायचा, पुढचा विचार त्याला ढकलायलाच येत नव्हता. नव्व्याण्णव. एकशे अठरा. गाल गुलाबी. मी हे तीन शब्द मनातल्या मनात किती वेळा म्हटले कोण जाणे. कुठेतरी ऐकलेलं होतं. कुणाच्या तरी तोंडून.

माझ्याच. वीस वर्षं मी हा प्रश्न ज्युनियर्सना तोंडी परीक्षेच्या तयारीला विचारत आले. बंद खोलीतून आणलेला पेशंट, डोकं दुखतंय, गाल गुलाबी, ऑक्सिमीटर म्हणतं नव्व्याण्णव टक्के. डॉक्टर, तुम्ही काय कराल? ईशिता नावाची एक हुशार मुलगी होती, ती म्हणाली, सॅचुरेशन नॉर्मल आहे, ऑब्झर्व्ह करीन. मी तिला सगळ्यांसमोर म्हणाले, मग पेशंट मेला तुझा. ते यंत्र ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांत फरक करत नाही. रक्त विषानं लाल झालं तरी ते म्हणतं, सगळं झकास आहे. बिचारी रडली होती.

मला कळलं. शेगडी, जाळी, धुराडं, सगळं एका क्षणात समोर आलं. आणि ऐका, कळल्यावर मी काय केलं. मी पडून राहिले. मला सगळं माहीत होतं, दार कुठे आहे ते दिसत होतं, सात पावलांवर, आणि मला वाटलं, पाच मिनिटांनी उठू. घाई काय आहे. शशीचा हात गरम आहे, बाहेर बर्फ किती छान पडतोय. मी आयुष्यात पहिल्यांदा निवांत होते. टेबलावर झोपवताना मी लोकांना सांगायचे, एखादी छान जागा आठवा, आणि ते हसत हसत जायचे. मी तशीच चालले होते.

मला कशानं उठवलं तर रागानं. दुसरं काही नाही. माझ्या डोक्यात माझाच आवाज आला, थिएटरमधला, खेकसणारा, मग पेशंट मेला तुझा. मला स्वतःचा असा संताप आला की मी पालथी झाले आणि सरपटायला लागले. पायात त्राण नव्हतं. कडीला लोंबकळून मी दार ओढलं. समोर बर्फाची भिंत आणि वर हातभर आकाश. तेवढ्या फटीतून हवा आत आली. मी तोंड बर्फात खुपसलं आणि श्वास घेतला. पहिल्याच श्वासानंतर उलटी झाली.

मग परत आत. दम रोखून. शशीला उचलणं शक्य नव्हतं, मी गादीचं टोक धरलं आणि ओढलं. तो मध्येच पुटपुटला, "अगं, झोपू दे ना." मी त्याला अडतीस वर्षांत दिल्या नाहीत तेवढ्या शिव्या दिल्या. सात पावलांचं अंतर, मला वाटतं अर्धा तास लागला असेल, खरं तर तीन-चार मिनिटं असतील. त्याचं डोकं उंबऱ्यावर, बर्फाला टेकवलं. फोन वरच्या बाथरूममध्ये राहिला होता, आणि तो जिना मला चढवणार नव्हता. स्वयंपाकघरातून कढई आणि झारा आणला आणि दारात बसून बडवत राहिले. ज्या कढईत फोडणी द्यायला आम्ही अलार्म काढला होता, तीच कढई.

कीथनं ऐकलं. ट्रॅक्टरनं बर्फ फोडत तो आला. नंतर माउंटन रेस्क्यूची माणसं ऑक्सिजन पाठीवर घेऊन आली. हॉस्पिटलात रक्तातलं विष मोजलं, शशीचं एकतीस टक्के, माझं एकवीस. मी रोज वरच्या खिडकीत फोनवर बडबडत उभी राहायचे, म्हणून माझं कमी. तो खाली शेगडीपाशीच होता, मंद ठेवायला. धुराड्यात कावळ्यांनी घरटं बांधलं होतं आणि वर बर्फ बसला होता, हे कीथनं नंतर शिडी लावून बघितलं. वरदा कार्डिफहून आली, रडली, मग तिनं तीन अलार्म विकत आणले आणि तीन ठिकाणी ठोकले.

शशी पाचव्या दिवशी घरी आला. ठणठणीत. सगळे म्हणाले, सुटलात. मी हो म्हणाले. पण डॉक्टर असण्याचा शाप हा असतो की पुढचं पानही वाचलेलं असतं. या विषात काही माणसं बरी होतात, हसतात, बोलतात, आणि मग दोन दिवसांपासून चाळीस दिवसांच्या आत कधीतरी मेंदू हळू व्हायला लागतो. काहींचा परत येतो. काहींचा येत नाही. शशीलाही हे माहीत होतं. आम्ही त्याबद्दल एक अक्षर बोललो नाही. मी हॉस्पिटलला नाही म्हणून कळवलं आणि घरी राहिले.

मी त्याच्याकडे बघत बसायचे. पुस्तकाचं पान उलटायला किती वेळ लागतो, चमचा कुठे ठेवतो, सियाचं नाव लगेच येतं का. त्याला वाटायचं, मी प्रेमानं बघते. प्रेमानंही बघत होते, ते वेगळं काढता येत नाही. ती शुक्रवारची दुपार त्याला आठवत नव्हती. संत्रं नाही, सही नाही, दाराचं बोलणं नाही. मी त्याला सांगितलं तर म्हणाला, "असं म्हणालो मी? मग चांगलं म्हणालो." मला विचारायचं होतं की ते तू बोललास की तो वायू बोलला. आणि माझ्या डोळ्यांत जे पाणी आलं ते तरी माझं होतं का. विचारलं नाही. मी ठरवून टाकलं की आमचंच होतं.

बर्फ वितळला. फेब्रुवारी संपत आला, कुंपणापाशी पांढरी रानफुलं आली. आम्ही रोज चर्चपर्यंत चालायला जायचो. मी त्याच्या पावलानं चालायला शिकले. आधी मला ते जड गेलं. मग एक दिवस लक्षात आलं की मी मुद्दाम हळू चालत नाही आहे, आणि तरी त्याच्यापुढे गेले आहे. शशी घरी आल्यापासूनचा तो एकोणतिसावा दिवस. एकतिसाव्या दिवशी शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागला. मी म्हटलं, बोटं गारठली असतील. सगळ्याला माझ्याकडे उत्तर तयार असतं.

तेहेतिसावा दिवस रविवार होता. शशी म्हणाला, आज आमटी मी करतो. मला इतका आनंद झाला की मी बसायच्या खोलीत पेपर घेऊन बसले, दाराकडे पाठ करून, स्वयंपाकघर दिसेल अशी. तेल तापलं, मोहरी तडतडली. वास आला. मग वास बदलला. मोहरी जळत होती, तेल धुमसत होतं, आणि पॅसेजमधला वरदाचा नवा अलार्म किंचाळायला लागला.

मी उठले. धावले नाही, पाय धावले नाहीत. शशी गॅससमोर उभा होता, हातात हिंगाची डबी, कढईतून काळा धूर. पूर्वी असा अलार्म वाजला की तो झाडू शोधायला धावायचा, आयुष्यात फक्त तेवढ्यासाठी धावायचा. आता तो शांत उभा होता आणि माझ्या मागे, पुढच्या दाराकडे बघत होता.

"अगं, बेल वाजतेय," तो म्हणाला. "कोण आलं बघ."

मी गॅस बंद केला. कढई सिंकमध्ये ठेवली. खिडकी उघडली. त्याच्या हातातली डबी घेतली आणि झाकण लावलं. अलार्म वाजतच होता.

"कोणी नाही रे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

त्यानं खुर्ची ओढली, बसला, आणि शेजारची खुर्ची माझ्यासाठी सरकवली. "मग बस ना जरा," शशी म्हणाला.

मी बसले.